न दिलेलं माप

टाचणीने हात वर केले नाहीत.

मास्तर टेप उलगडून तिच्यासमोर उभे होते. त्यांच्या मागे कापणीच्या टेबलाशी बाबा खडू घेऊन तयार होते. काका आणि आत्या गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर ऐसपैस बसले होते आणि खिडकीजवळ आई, नेहमीसारखी मान खाली घालून, कुणाच्या तरी शर्टाची काजं करत होती. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त लाकडी ठोकळ्यावर जी उभी होती, तिचे हात खिशात होते.

"हात," मास्तर म्हणाले.

"नाही."

"दुखतायत?"

"दुखत नाहीत. माप देणार नाही मी."

काकाला वाटलं पोरगी गंमत करतेय. तो हसला, मग कुणीच हसत नाही हे बघून त्याने हसू आवरतं घेतलं.

मास्तर म्हणजे तिचे आजोबा, पण त्यांना आजोबा म्हणायची टाप कुणाची नव्हती. पोटची पोरंसुद्धा मास्तरच म्हणत. दुकान गणवेशांचं. दवाखान्यांचे पांढरे कोट, वकिलांचे काळे, आचाऱ्यांचे, पहारेकऱ्यांचे, ड्रायव्हरांचे, सगळे इथेच शिवले जात. अंगावरच्या कपड्यावरून माणूस ओळखायची मास्तरांना इतकी सवय जडली होती, की आधी माणूस आणि मग कपडा हा क्रमच ते विसरून गेले होते. त्यातूनच घरात ही पद्धत पडली. पोर शाळेच्या शेवटच्या वर्षाला गेलं की एका सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढायचं, सगळ्यांनी जमायचं, पोराला ठोकळ्यावर चढवायचं आणि पुढे त्याने जे व्हायचं त्याच्या कोटाचं माप मास्तरांनी घ्यायचं. मापाचा दिवस म्हणत त्याला. काकाचा पांढरा कोट असाच झाला, मग काका डॉक्टर झाला. आत्याचा काळा झाला, मग आत्या वकील झाली.

बाबा थोरले, पण ते ठोकळ्यावर कधी चढलेच नाहीत. दुकानाला आग लागली त्याच वर्षी त्यांची शाळा संपत होती, आणि मास्तरांनी त्यांच्या हातात कात्री दिली. त्याबद्दल बाबा चकार शब्द काढत नसत. टाचणीच्या पांढऱ्या कोटाबद्दल मात्र ते तिला दात यायच्या आधीपासून बोलत होते.

"अगं, साधं माप तर द्यायचंय," बाबा म्हणाले. "इंजेक्शन थोडंच आहे?"

"कशाचं माप, बाबा?"

"हे काय विचारणं झालं? कोटाचं."

"कुठल्या?"

यावर बाबांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. काका पुढे सरसावला. या घरात कुठलीही गोष्ट अडली की आपल्यालाच पुढे व्हावं लागतं, असा त्याचा समज होता आणि तो अगदीच खोटा नव्हता.

"हे बघ टाचणे, घाबरायला होतं, मला माहितीये. मीसुद्धा घाबरलो होतो. पण सगळं ठरलंय ना? उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो. निवासी क्लासचा मुख्य माझा मित्र आहे, जागा भरल्या असताना त्याने तुला घेतलंय. तिथेच राहायचं, तिथूनच परीक्षा द्यायच्या, पुढे मेडिकलची प्रवेश परीक्षा. आणि एक दिवस माझ्या दवाखान्यात माझ्या खुर्चीवर बसायचं. मला कोण आहे दुसरं? कोट काय, आज मापला की सोबत राहील. माझा बघ, अजून तोच वापरतोय."

"तोच कसा?" आत्या म्हणाली. "तीनदा सैल करून घेतलायस. तुझं पोट पुढे पुढे आणि कोट त्याच्या मागे मागे."

"म्हणून तर मास्तरांच्या हाताला तोड नाही. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ते. आपल्या दुकानातला कपडा फेकावा लागत नाही, सैल करता येतो."

हे मात्र सगळ्या शहराला ठाऊक होतं. शिवणीच्या आत दोन बोटं कापड सोडल्याशिवाय या दुकानातून कपडा बाहेर जात नसे. नव्या कारागिराला पहिल्या दिवशी तेच शिकवत, आणि जो विसरे त्याला दुसऱ्या दिवशी दुसरं दुकान बघायला सांगत. कौतुक ऐकून मास्तरांनी मानही हलवली नाही. त्यांचे डोळे टाचणीच्या खिशांवर होते.

"मी उद्या क्लासला जाणार नाहीये," टाचणी म्हणाली. आवाज बरा निघाला. "मला होड्या बांधायला शिकायचंय."

आईचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

"कागदाच्या?" काकाने विचारलं.

"लाकडाच्या. माणसं बसतात त्या. पुलाच्या पलीकडे नदीवर कारखाना आहे ना, तिथे शिकवतात. दोन वर्षं. दरवर्षी थोडीच मुलं घेतात. वस्ताद मला घ्यायला तयार आहेत, शाळेची परीक्षा झाली की लगेच. पण घरचं मोठं माणूस येऊन स्वतः हो म्हणायला हवं, आणि उद्याचा शेवटचा दिवस आहे. उद्या कुणी आलं नाही तर माझी जागा दुसऱ्याला देणार."

एवढं एका दमात बोलून ती गप्प झाली. कित्येक दिवस मनात घोळवलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं, आणि आता काहीही होवो, ते परत आत घालता येणार नव्हतं. तिला फार मोकळं वाटलं.

"वस्ताद तुला ओळखतात?" आत्याने विचारलं. वकीलच ती, नेमकं तेवढंच पकडलं.

"मी जाते तिथे. उन्हाळ्यापासून. सुट्टीच्या दिवशी."

"सुट्टीच्या दिवशी तू वाचनालयात जातेस," बाबा म्हणाले.

"नाही जात, बाबा."

बाबांचा चेहरा असा उतरला की टाचणीला तिथल्या तिथे ठोकळ्यावरून उतरून त्यांचा हात धरावासा वाटला. पण उतरलं की संपलं, हेही तिला कळत होतं. ती उभीच राहिली.

मास्तरांनी टेप शांतपणे गुंडाळला आणि गळ्यात टाकला.

"जेवून घ्या सगळे," ते म्हणाले. "रिकाम्या पोटी माणूस काहीबाही बोलतो."

जेवणं वरच्या मजल्यावर झाली. जेवताना सगळे हवापाण्याच्या गप्पा मारत होते. ज्या घरात मीठ कमी पडलं तरी वाद होतो, तिथे असल्या गप्पा निघाल्या की समजावं, पाणी डोक्यावरून चाललंय. हात धुवून झाल्यावर आत्याने टाचणीला खाली, दुकानामागच्या कापडाच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. दोघी पांढऱ्या कापडाच्या ताग्यांवर बसल्या.

"मी तुला ओरडायला आणलेलं नाही," आत्या म्हणाली.

"मग पटवायला आणलंयस."

"तेही नाही. थोडंसं तेच. ऐक तर. माझा काळा कोट शिवला तेव्हा मास्तरांनी तो पोटऱ्यांपर्यंत लांब केला होता. वाढत्या अंगाचा. मला म्हणाले, अजून उंच होशील तू. मी काही झाले नाही. पहिली दोन वर्षं कोर्टात मी तो कोट हाताने उचलून चालायचे, लोक वाट सोडायचे. त्यांना वाटायचं, बाई रुबाबात येतेय."

टाचणीला हसू आलं. आत्याची ही एक लबाडी होती, आधी हसवायची.

"तुला आवडतं ना पण वकिली करायला?"

"आवडतं. खोटं कशाला बोलू? झकास चाललंय माझं. पण आवडेल का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. नशिबाने आवडलं." आत्या ताग्यावरची घडी हाताने सरळ करत राहिली. "तुझ्या बाबतीत तसंच होणार नाही, हे कशावरून म्हणतेस? मधला मार्ग काढ. उद्या क्लासला जा. एक वर्ष दे. नाही जमलं तर होड्या आहेतच. मी स्वतः येईन तुझ्याबरोबर त्या वस्तादांकडे, शब्द देते."

"म्हणजे नापास झाले तर होडी."

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच झालं ना, आत्या? मी नापास होणार नाही. आकडेमोड जमते मला, जीवशास्त्रही जमतं. वर्षभर रट्टा मारला तर निवड होईल माझी, आणि मग सगळे म्हणतील, आता एवढं मिळालंय तर सोडू नकोस. तू पण म्हणशील. मी पण म्हणेन."

कोर्टात समोरच्याने बिनतोड मुद्दा मांडला की आत्या चष्मा काढून पुसत असे. इथे चष्मा नव्हता, म्हणून तिने नुसतेच डोळे चोळले.

"काय आहे तरी काय त्या होड्यांत?"

टाचणीला हे नीट सांगता यायचं नाही. तिने प्रयत्न केला. "फळी वाकवतात, आत्या. आधी वाफ देतात. मग चारपाच जण मिळून ती सांगाड्यावर दाबून धरायची, घाई घाई करून, कारण गार झाली की ती ऐकत नाही. पहिल्यांदा मला धरायला सांगितलं तेव्हा माझ्या हाताला फोड आले. घरी येताना मी हसत होते रस्त्यात. एकटीच. लोक बघत होते." ती थांबली. "दवाखान्यात काकाबरोबर दिवसभर बसून बघितलंय मी. चांगलं काम आहे. मला तिथे एकदाही हसू आलं नाही."

"तिथे हसलीस तर पेशंट मारतील."

"आत्या."

"बरं, बरं." आत्या उठली, साडीवरचे धागे झटकले. "मी तुझ्या बाजूने बोलणार नाही. दादाचं तोंड बघवत नाही मला. पण तुझ्या विरुद्धही बोलणार नाही. एवढंच जमेल."

टाचणीला ते फार थोडं वाटलं, आणि तिने तसं तोंडावर सांगितलं.

बाहेर येऊन बघते तर मास्तर ठोकळ्याशेजारी उभे. हातात हँगर, हँगरवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी. बाकी सगळे आपापल्या जागी परत बसलेले.

"तू वर चढायची गरज नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कागद काढला. आतून पांढराशुभ्र कोट निघाला. कॉलर बसलेली, बटणं लागलेली, खिशावर पेन ठेवायची पट्टीसुद्धा शिवलेली. "मागच्याच आठवड्यात तयार झालाय."

"कुणाच्या मापाने?"

"तुझ्या. शाळेचा गणवेश मीच शिवतो तुझा. तुझी मापं मला तोंडपाठ आहेत. मी सूनबाईला सांगितली, तिने शिवला. सकाळचं माप म्हणजे आपली घरची रीत. काकालाही मी असंच मापलं होतं, कोट आधी शिवून ठेवून."

"हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही," काका म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

टाचणीचं डोकं सणकलं. सकाळपासून ती ठोकळ्यावर उभी राहून, जीव मुठीत धरून, नाही म्हणत होती. ते नाही म्हणणं ऐकायला इथे कुणी नव्हतंच. हात वर केले असते तरी कोट होता, नाही केले तरी कोट होता.

"एकदा घालून तरी दाखव," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता, आणि तेच अवघड होतं. "जाऊ नकोस क्लासला, तुझं तू बघ. पण एकदा मला बघू दे तुझ्या अंगावर."

मास्तरांना ती नाही म्हणू शकत होती. काकाला तर झोपेतही म्हणाली असती. बाबांना नाही म्हणता येईना. तिने जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि कोटात हात घातला.

डावी बाही गेली. उजवी कोपराशी अडली. बाबा मागून आले आणि त्यांनी हलकेच ओढून ती वर घेतली. कोट अंगावर आला खरा, पण पाठीवर ताणला गेला आणि खांदे वर उचलले गेले. बाबांनी पुढे येऊन बटण लावायचा प्रयत्न केला. बटण आणि काज एकमेकांच्या जवळ यायला तयार नव्हते.

"श्वास सोड," बाबा म्हणाले.

"सोडलाय."

"हात थोडे पुढे घे."

तिने हात पुढे घेतले. उजव्या मुंढ्यापाशी, जिथे बाही खांद्याला जोडलेली असते तिथे, कापड टरटरलं. आवाज फार मोठा नव्हता. पण शिंप्याच्या घरात त्या आवाजाला भलतंच वजन असतं. सगळे ताठ झाले.

मास्तर आले, बाबांना बाजूला केलं, आणि अंगठा तिच्या खांद्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. मग दंडावर. मग पुन्हा खांद्यावर, उजव्या. इतक्या वर्षांत या हातातून कुणाला घट्ट होणारा कपडा गेला नव्हता, आणि गेला तो घरच्याच पोरीच्या अंगावर. त्यांचे कान लाल झाले होते.

"हा खांदा शाळेतल्या पोरीचा नाही," ते म्हणाले. "रंधा मारतेस?"

"हो."

"रोज?"

"सुट्टीच्या दिवशी तिथे. बाकीच्या दिवशी शाळा सुटल्यावर, शाळेतल्या कार्यशाळेत."

"आणि मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि खिडकीकडे वळले. "सूनबाई. हा तू शिवलास."

"हो, मास्तर."

"माप बघितलं नाहीस तिचं?"

आईने सुई शर्टात टोचून ठेवली. "तुम्ही सांगितलेल्या मापाने शिवला."

"ते गेल्या वर्षीचं होतं."

"हो. त्यानंतर तिचा गणवेश मी दोनदा सैल केला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कुठे?"

दुकानात कुणी इतक्या साध्या आवाजात मास्तरांना उत्तर दिलेलं टाचणीने ऐकलं नव्हतं. आईने तर मुळीच नाही. आई या घरात आली ती काजं करायला बसली, आणि तिचं बोलणंही काजासारखंच, छोटं आणि आवळलेलं.

"तुला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "ही कुठे जाते ते."

"कपडे मी धुते. खिशातला भुसा मीच झाडते. वाचनालयात कुठून येणार भुसा?"

टाचणी आईकडे बघत राहिली. उन्हाळ्यापासून ती दारात शिरण्याआधी रस्त्यावर उभी राहून खिसे उलटे करत होती, आणि मनातल्या मनात स्वतःच्या हुशारीवर खूश होत होती. तिला लाज वाटली आणि रडूही आलं. तिने दोन्ही गिळलं.

"म्हणजे घरात मी एकटाच वेडा," बाबा म्हणाले. आता मात्र त्यांचा आवाज चढला. "मी कात्री धरली. मला कुणी विचारलं होतं? नाही विचारलं. मी तक्रार केली? ह्या दोघांचे कोट मी कापलेत, माझ्या हाताने. वाटायचं, आपल्या नाही तर नाही, पोरीच्या अंगावर येईल. एक कोट. एवढंच मागितलं होतं मी. आणि ही सुतारकाम करणार."

"बाबा, तुम्हाला मिळाला नाही तो कोट माझ्या अंगावर का?"

"टाचणे," आत्या म्हणाली.

"नाही, बोलू दे मला. तुम्हाला विचारलं नाही हे वाईटच झालं. मला कळल्यापासून वाईट वाटतंय. पण म्हणून मलाही कुणी विचारायचं नाही, हा कुठला न्याय? मी कोट घालून दवाखान्यात बसले म्हणून तुमची शाळा परत येणार आहे का?"

बाबा कापणीच्या टेबलाकडे गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. खडू अजून त्यांच्या हातातच होता. टाचणीला वाटलं, आपण फार लागेल असं बोललो. पण जे बोलली त्यातला एक शब्दही तिला मागे घ्यायचा नव्हता.

काकाने गाडीची किल्ली खिशातून काढली. "नाटकं पुरे झाली. खांदे भरले म्हणून कुणाला मेडिकलला घेत नाहीत, असं कुठे लिहिलेलं नाही. उद्या सकाळी गाडी दारात असेल. मास्तर, कोट तेवढा नीट करून ठेवा."

"करतो," मास्तर म्हणाले. आता त्यांचा आवाज पुन्हा जागेवर आला होता. हरायची त्यांना सवय नव्हती, आणि कोटाचं दुखणं त्यांना माणसाच्या दुखण्यापेक्षा सोपं वाटे. "त्यात काय आहे? खांदे सोडू, पाठ सोडू. काढ तो, टाचणे. तासाभरात तुझ्या अंगावर बसवून देतो."

टाचणीने कोट काढून दिला. त्यांनी तो उलटा करून टेबलावर पसरला, चष्मा लावला, उसवायची छोटी कात्री घेतली आणि खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. त्यांनी पाठीची शिवण बघितली. मग दोन्ही बगलांच्या. मग बाह्यांच्या.

"सूनबाई."

"हो."

"आत कापड कुठंय?"

"ठेवलं नाही."

दोन बोटं सोडा, नखाएवढंही कापड नव्हतं. शिवणीला अगदी चिकटून कापलेलं होतं. म्हणून तर ते इतक्या सहज टरटरलं. काकाने मान पुढे करून बघितलं आणि डॉक्टर असूनही त्याला कळलं. तोही शेवटी याच घरात वाढलेला.

"चुकून झालं?" मास्तरांनी विचारलं. अगदी हळू. चुकून झालं असेल तर ते माफ करायला तयार होते, हे सगळ्यांना दिसत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," आई म्हणाली. ती उठली. मांडीवरचा शर्ट घडी घालून बाजूला ठेवला. "मुद्दाम. तुम्ही शिकवल्यापासून पहिल्यांदा. कापड ठेवलं असतं तर तुम्ही कोट सैल केला असता. हिच्या अंगावर बसवलाच असता. मग हिने तो घातला असता, आणि हळूहळू हिलाही वाटलं असतं, बसतोय की."

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांनी चष्मा काढला नाही, कात्रीही खाली ठेवली नाही. नुसते बसले.

"वहिनी, तुम्ही फार चुकताय," काका म्हणाला. "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"म्हणूनच, भावजी. उद्या गाडी आणू नका. उद्या मी हिच्याबरोबर नदीवर जाणार आहे. घरचं मोठं माणूस लागतं ना त्यांना? मी आहे."

काकाने आत्याकडे बघितलं. आता तरी ती काही बोलेल असं त्याला वाटत होतं.

"माझ्याकडे बघू नकोस," आत्या म्हणाली. "मी कुणाच्याच बाजूने नाही, असं ठरलंय माझं." मग जरा थांबून, "पण गाडी आणूच नकोस, उगाच पेट्रोल जाईल."

काका निघून गेला. अर्ध्या शटरखालून वाकून जाताना त्याचं डोकं आपटलं, तरी तो कुणाला काही बोलला नाही, इतका तो रागावला होता. पुढे कित्येक महिने त्याने या दुकानाची पायरी चढायची नाही असं ठरवलं, आणि ते पाळलंही.

आईने मास्तरांच्या गळ्यातला टेप काढून घेतला. विचारलं नाही. या घरात ती आल्यापासून तो टेप दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्याचं टाचणीने कधी ऐकलं नव्हतं.

"चढ वर," आई टाचणीला म्हणाली. "कामाचा शर्ट लागेल. जाड कापडाचा. त्या कारखान्यात जाकीट घालून रंधा मारतेस, म्हणून खिशात भुसा जातो. तिथे खिसा नसलेला हवा." आणि मग, टेप हातात तसाच धरून, तिने विचारलं, "घेऊ माप?"

टाचणी ठोकळ्यावर चढली. तिने हात पसरले, पूर्ण, दोन्ही बाजूंना, बोटं ताठ करून.

आईने टेप एका खांद्याच्या टोकावर धरला, दुसऱ्या टोकापर्यंत नेला आणि माप मोठ्याने उच्चारलं. मापाच्या दिवशी असंच करायचं असतं. एकाने उच्चारायचं आणि पोराच्या बापाने टेबलावर खडूने लिहायचं.

कुणी लिहिलं नाही. बाबांची पाठ तशीच होती.

आईने तेच माप पुन्हा उच्चारलं. आवाज जराही न वाढवता. आत्या खुर्चीवरून उठली आणि खडू घ्यायला तिने हात पुढे केला.

"राहू दे," बाबा म्हणाले. ते वळले नाहीत, पण त्यांनी टेबलावर आकडा लिहिला. खडू इतका जोरात दाबला की तो मोडला, मग उरलेल्या तुकड्याने त्यांनी तो पुरा केला.

"चुकलं," खुर्चीवरून मास्तरांचा आवाज आला. सगळ्यांनी तिकडे बघितलं. मास्तर कुणाकडे न बघता, समोरच्या उलट्या कोटावर नजर ठेवून बोलत होते. हे त्यांना पटलेलं नव्हतं, पटणारही नव्हतं, पण मघाशी अंगठ्याखालून गेलेल्या खांद्याचा आकडा जास्त ऐकून त्यांना राहवत नव्हतं. "सैल धरलायस टेप तू. पुन्हा घे."

"सैलच धरलाय, मास्तर," आई म्हणाली. "अजून वाढायचीय ती."

आणि तिने पुढचं माप घेतलं.